अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी

गेल्या फेब्रुवारीत भावाचा फोन आला तेव्हा मी मेथीची भाजी परतत होते. त्याने आधी तब्येत विचारली, मग राजूरला थंडी किती आहे ते विचारलं आणि मग मूळ मुद्द्यावर आला. "पोरीचा गणिताचा पेपर हाय पुढच्या महिन्यात. दोन दिवस रजा टाकून ये. गेटासमोर आपल्या वळखीचं झेरॉक्सचं दुकान हाय. पेपर भायेर आला की तू तिथं बसून सोडवून द्यायचा. बाकीचं आमी बघतो. घरात गणिताची मास्तरीण असताना दुसऱ्याच्या पाया पडायचं म्हंजे काय?"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. भाजी करपली आणि त्या दिवशी मी दही-भात खाल्ला.

भावाला खरंच कळलं नाही की हिला एवढं चिडायला काय झालं. त्याने घरात सांगितलं म्हणे, "तिला नोकरीचं भ्या वाटतंय." आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. नोकरीची भीती वाटते हे खोटं नाही. असलं काही करताना सापडले तर घरी बसावं लागेल, आणि बसायलाच हवं. पण माझा राग नोकरीच्या आधीचा आहे. तो माझ्या स्वतःच्या दहावीच्या पेपरचा आहे, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा. आणि तो ज्यांच्यावर आहे त्यांच्याइतकी माया माझ्यावर दुसऱ्या कुणीच केलेली नाही, म्हणून तो आजवर कुणावर धड काढताही आला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही सगळे, त्यांची नातसुद्धा, त्यांना अण्णाच म्हणतो. आमचं गाव जामखेडपासून थोडं आत, जिथे विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात. जमीन होती, पण तिच्यावर भरवसा नव्हता, म्हणून अण्णांनी टेम्पो घेतला. कधी कांदा, कधी काष्टीच्या बाजाराला शेळ्या. शिकले सातवीपर्यंत. पण शाळेच्या पालकसभेला येणारा एकुलता एक बाप आमचाच. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या आणि मधोमध हा माणूस, अंगाला शेळ्यांचा वास, हेडमास्तरांचं प्रत्येक वाक्य मान डोलवून ऐकतोय. माझ्या पुस्तकांना ते स्वतः कव्हरं घालायचे, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची, आणि वर नाव टाकायचे. त्यांचं अक्षर मोठं आणि गोल. पाच लिहिताना ते वरची रेघ शेवटी काढायचे, अशी की त्या पाचाने टोपी घातल्यासारखं वाटायचं. ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं.

नववीत असताना माझ्यासाठी एक स्थळ आलं. आणणारा लांबचा नातेवाईक होता आणि चांगला जोर लावत होता. अण्णा शांतपणे ऐकून म्हणाले, "पोरगी शिकतीय. परत हा इषय काढला तर या घरात च्या मिळणार न्हाई." तो माणूस पुन्हा आला नाही. ज्या गावात माझ्या वर्गातल्या चार मुली दहावीच्या आत उजवल्या गेल्या, त्या गावातली ही गोष्ट आहे. म्हणून सांगते, माझ्या बापाने माझ्यासाठी काय केलं ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

पण याच माणसाला एक खोड होती. घरात पाहुणा आला की मला बाहेर बोलवायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि कौतुकाने सांगायचं, "आमची बाय मराठीत लई हुशार. इतिहास तर तोंडपाठ. गणित तेवढं तिच्या डोक्यात जात न्हाई. जाऊ द्या. आमच्या घराण्यात कुनाच्याच जात न्हाई."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. चिडून रात्रंदिवस गणितं सोडवली असती. पण ते हसत म्हणायचे, डोक्यावर हात ठेवून, आणि त्या हाताला मी कधी नाही म्हणाले नव्हते. घराण्याचं नाक जसं माझ्याकडे आलं तसंच घराण्याचं गणितही आलं, असं मी धरून चालले. नाकाबद्दल कोण तक्रार करतो? सहामाहीत मला गणितात अकरा मार्क पडले तेव्हा आईने लाडू केले. म्हणे, पोरीला वाईट वाटायला नको. लाडू गोड होते. आज आठवलं की माझा संताप होतो.

दहावीला आम्हाला नवीन बाई आल्या. जामखेडला खोली घेऊन राहायच्या आणि एसटीने यायच्या. बुटक्या, काळ्या, तोंडाने अतिशय फटकळ. पहिल्याच तासाला त्यांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांचे खोडरबर त्यात टाकायला लावले. "भूमितीची आकृती काढायची असेल तेव्हा मागायला या. एरवी या वर्गात पुसायचं नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, एकच, आणि खाली नव्याने सुरू करायचं. चूक मला दिसली पाहिजे. मला दिसली नाही तरी चालेल, तुम्हाला दिसली पाहिजे."

वर्गाला वाटलं बाईंना काहीतरी झालंय. वह्या बघवत नव्हत्या. रेघाच रेघा. हेडमास्तरांनी वह्या तपासायला मागवल्या तेव्हा बाईंना नोटीसही मिळाली म्हणतात, वह्या अस्वच्छ असल्याबद्दल. बाईंनी डबा काही परत केला नाही.

एकदा त्यांनी मला फळ्यावर बोलावलं. मी चार ओळी लिहिल्या आणि मागे खसखस पिकली. चुकलंय हे मला कळलं. कुठे ते कळलं नाही. मी घाईघाईने तळहाताने फळा पुसायला गेले आणि बाईंनी माझं मनगट धरलं.

"हात खाली. कितव्या ओळीत चुकलंय?"

"माहीत नाही, बाई."

"मग उभी राहा. मला घाई नाही."

मला वाटलं दोन मिनिटांत त्या सांगतील. त्या खुर्चीवर बसून वह्या तपासू लागल्या. मी पाठ वर्गाकडे करून अर्धा तास फळ्यासमोर उभी होते. मी त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते वाळलं, आणि मग करायला दुसरं काहीच उरलं नाही म्हणून मी माझ्याच चार ओळी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत मी चिन्ह बदलायचं विसरले होते. मी त्या ओळीवर रेघ मारली, खाली परत लिहिलं आणि उत्तर काढलं. बाईंनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. बस."

एवढंच. शाबास नाही, काही नाही. पण घरच्यांनी आयुष्यभर केलेल्या कौतुकावर माझा जेवढा विश्वास बसला नव्हता तेवढा त्या एका "हं" वर बसला. कारण घरचं कौतुक मी काहीही केलं तरी मिळायचं. हे मला तेव्हा असं शब्दांत कळत नव्हतं. मला फक्त दुसऱ्या दिवशी परत फळ्यावर जावंसं वाटलं.

मग मी शाळा सुटल्यावर थांबू लागले. बाईंची एसटी चुकायची आणि मग अण्णा त्यांना टेम्पोतून जामखेडला सोडायचे, पुढच्या सीटवर बसवून, अगदी अदबीने. एकदा बाई आमच्या दारात उतरल्या आणि सरळ म्हणाल्या, "तिच्यासमोर तिला गणित येत नाही असं म्हणत जाऊ नका."

अण्णांनी हात जोडले. "न्हाई म्हननार, बाई. चुकलं आमचं."

बाई गेल्या आणि अण्णा घरात येऊन माझ्यासमोरच आईला म्हणाले, "बाई म्हनत्यात, हिला गणित येत न्हाई असं हिच्यासमोर बोलायचं न्हाई बरं का!"

आई म्हणाली, "बरं बरं." मी तिथेच बसले होते, हातात वही घेऊन.

पूर्वपरीक्षेत मला गणितात दीडशेपैकी एकशे चार पडले. मी पेपर घेऊन धावत घरी आले. अण्णांनी पेपर उलटा-सुलटा करून पाहिला, खूश झाले आणि म्हणाले, "बाई मायाळू हाय." म्हणजे मार्क बाईंच्या मायेचे. त्या बाईंना कुणी मायाळू म्हणावं याचं मला तेव्हा हसू आलं. बोर्डाचा पेपर वेगळा असतो, तिथे माया नसते, तिथली सोय आपण बघायला पाहिजे, हे त्यांनी त्याच दिवशी मामाशी बोलून ठरवलं असणार. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

बोर्डाच्या पेपरचा दिवस म्हणजे आमच्या केंद्रावर जत्रा असायची. भिंतीला शिड्या लागायच्या. आतली पोरं घाबरलेली आणि बाहेरचे बाप, भाऊ, मामा, काका जोशात. कुणाच्या हातात गाइडाची फाडलेली पानं, कुणाकडे इतक्या बारीक अक्षरांचं झेरॉक्स की भिंग लागावं. पेरूवाला, वडापाववाला, भेळवाला. होमगार्ड एका बाजूने हाकलायचा तोवर दुसऱ्या बाजूने चढायचे. भरारी पथकाची जीप आली की एक शिट्टी व्हायची आणि सगळे शेतात पांगायचे. आणि यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं. ज्याचा माणूस भिंतीवर नसेल त्या पोराची उलट कीव यायची, बिचाऱ्याला कुणी नाही म्हणून.

त्या दिवशी बीजगणिताचा पेपर. मला खिडकीजवळचा तिसरा बाक आला होता. पेपर हातात आला आणि मला जमू लागला. खरंच जमू लागला. मधे नावेचं गणित होतं. नाव प्रवाहाच्या दिशेने दोन तासांत बावीस किलोमीटर जाते आणि प्रवाहाच्या विरुद्ध तीन तासांत पंधरा, तर नावेचा संथ पाण्यातला वेग किती आणि प्रवाहाचा किती? जामखेडच्या पोरांना नावेचं गणित घालणं हाच मुळात अन्याय आहे. आमच्याकडे नाव बुडेल एवढं पाणी कुणी पाहिलंय? पण बाईंनी ते फळ्यावर दहा वेळा करून घेतलं होतं. मी दोन समीकरणं मांडली, सोडवली आणि उत्तर आलं: नाव आठ, प्रवाह तीन. पडताळा घेतला. बरोबर. मला आठवतं, मी पेन खाली ठेवून बोटं मोडली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. तेवढा एक क्षण माझा होता.

आणि खिडकीत मामाचं डोकं आलं.

त्याने गजांतून खडा टाकला. खड्याला कागद गुंडाळलेला. सुपरवायझर दाराकडे तोंड करून उभा होता, त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं की तो मुद्दाम तसा उभा आहे. मी ती चिठ्ठी उघडणार नव्हते. खरंच नव्हते. पण वरच्या घडीवर एक पाच दिसला, टोपी घातलेला.

चिठ्ठी अण्णांच्या हातची होती. नंतर मला मामाकडून कळलं की गणितं सोडवणारा माणूस दुसराच होता, बी. एस्सी. झालेला. त्याने बरोबर सोडवून दिलं होतं. पण अण्णा म्हणाले, परक्याचं अक्षर बघून पोरगी बिचकल, माझं अक्षर तिला वळखू येतं. आणि त्यांनी टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून ते सगळं स्वतः उतरवून काढलं. ज्या माणसाने सातवीनंतर पेन धरला तो फक्त माझ्या पुस्तकांवर नाव घालायला, त्याने भर उन्हात उभं राहून पूर्ण पान समीकरणं लिहिली. आणि लिहिताना क्ष आणि य ची अदलाबदल केली. नावेच्या जागी तीन, प्रवाहाच्या जागी आठ.

माझ्या उत्तरपत्रिकेत नाव आठ होती. अण्णांच्या चिठ्ठीत नाव तीन होती.

मी किती वेळ बघत बसले सांगता येणार नाही. मी पडताळा घेतलेला होता. तीनच्या वेगाची नाव आठच्या प्रवाहाविरुद्ध जाऊच शकत नाही, ती उलटी वाहत जाईल, हे लहान पोरालाही कळेल. पण मी तो विचारच केला नाही. माझ्या डोक्यात एकच चालू होतं: आपल्या डोक्यात गणित जात नाही. आपलं बरोबर कसं असेल? अण्णांनी कुणाला तरी विचारूनच लिहिलं असेल. अण्णा खाली उन्हात उभे आहेत.

मी माझ्या उत्तरावर एक आडवी रेघ मारली. एकच, बाईंनी शिकवली होती तशी. आणि खाली अण्णांचं उत्तर लिहिलं.

रेघेखालून माझं उत्तर स्वच्छ दिसत होतं. घंटा होईपर्यंत ते मला दिसतच राहिलं. पण खोडलेलं तपासत नाहीत.

बाहेर आले तर अण्णा धावत पुढे आले, घामाने निथळत, हातात उसाच्या रसाचा ग्लास. "मिळाली का गं?"

"मिळाली."

त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते बघून मी पुढे काहीच बोलले नाही. रस प्यायले. थंडगार होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पेपर परत सोडवून दाखवायला लावला. नावेच्या गणिताला मी आधी आठ-तीन लिहिलं, मग त्यावर रेघ मारून तीन-आठ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं त्या कॉपीबद्दल झोडपतील. त्या इतक्या चिडल्या की त्यांचा आवाज फाटला. "चुकीचं उत्तर तुझं असतं ना, तर मला चाललं असतं! शून्य पडलं असतं तरी चाललं असतं!" एवढं बोलून त्यांनी टेबलावरचा तो खोडरबरांचा डबा उचलला, माझ्या खोडरबराची शोधाशोध केली आणि तो माझ्या हातात ठेवला. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. त्या आता कुठे आहेत मला माहीत नाही. मी शोधलं, सापडल्या नाहीत.

मी पास झाले. गणितातही चांगले मार्क पडले. अण्णांनी पेढे वाटले आणि पेढ्यांबरोबर गोष्टही वाटली: उन्हात कसं उभं राहिलो, होमगार्डाला कसं चुकवलं, मामा भिंतीवर कसा चढला आणि माझ्या चिठ्ठीवर बाय पास कशी झाली. ही गोष्ट त्यांनी माझ्या बारावीला सांगितली. गणितात पदवी घेतली तेव्हा सांगितली. बी. एड.ला गेले तेव्हा सांगितली. माझ्या लग्नात, माझ्या सासरच्या माणसांसमोर, डोक्यावर हात ठेवून सांगितली. सगळे हसले. मीही हसले. मला तेव्हा तो हात झटकून टाकावासा वाटला होता आणि मी तो झटकला नाही, याची मला अजून लाज वाटते.

आता मी स्वतः दहावीचे पेपर तपासते. दर वर्षी गठ्ठ्यात असं काहीतरी सापडतंच. बरोबर उत्तर, त्यावर रेघ, आणि खाली चूक. पुढच्या पेपरात तीच चूक. त्याच्या पुढच्यातही तीच. लोक म्हणतात पोरं आळशी झालीत. मला त्या रेघा दिसतात. एका केंद्रातल्या एवढ्या पोरांना बरोबर येत होतं आणि कुणीतरी मायेने भिंतीवर चढून त्यांना सांगितलं की तुमचं तुम्हाला येत नाही. नियमाप्रमाणे मी शून्य देते आणि पुढचा पेपर घेते.

तर मी गेले. झेरॉक्सच्या दुकानात बसायला नव्हे. राजूरहून आमच्या गावाला जायचं म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचं. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर अजून नगरच ओरडतो. अख्खा दिवस गेला आणि त्या दिवसभरात माझा राग उतरला नाही, वाढला.

पेपरच्या सकाळी भाचीला केंद्रावर सोडायला अण्णा स्वतः टेम्पो घेऊन निघाले. खरं तर आता भाऊ चालवतो, त्यांना परवानगी नाही. पण नातीचा गणिताचा पेपर म्हटल्यावर कोण ऐकतंय? केबिनमध्ये आम्ही तिघं. मधे पोरगी, मांडीवर पॅड, ओठांनी सूत्रं पुटपुटतेय. आणि अण्णांनी तिला धीर द्यायला गोष्ट सुरू केली. "भिऊ नको. तुझी आत्या काय कमी भित हुती? म्या अशी चिठ्ठी लिवली..."

"अण्णा, गाडी थांबवा."

माझा आवाज असा निघाला की त्यांनी खरंच रस्त्याकडेला लिंबाखाली गाडी घेतली.

"ती चिठ्ठी चुकीची हुती."

"काय?"

"तुमची चिठ्ठी. चुकीची हुती. माझं बरोबर आलं हुतं. मी ते खोडून तुमचं लिवलं. इतकी वर्षं तुमी गावभर सांगत फिरताय. माझे ते मार्क गेले, तुमच्या चिठ्ठीनं गेले. बाकीचे सगळे मार्क माझे हुते. माझे आणि बाईंचे."

मी भाचीच्या पॅडवरचा कच्चा कागद ओढला आणि लिहिलं: नाव तीन, प्रवाह आठ. ते मी अण्णांना दाखवायला लिहिलं होतं, पण पोरीने आधी वाचलं आणि फिस्सकन हसली. "अशी नाव उलटी जाईल की, आत्या!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी गाडी सुरू केली. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

गेटाशी पोरगी उतरली आणि खालूनच म्हणाली, "अण्णा, काय धाडू नका. आलं तर म्या भायेर फेकून दीन." अण्णांचा हात तिच्या डोक्याकडे गेला, ते काहीतरी म्हणणार होते. नेहमीचंच काहीतरी असणार. "जा," एवढंच म्हणाले.

आता कॅमेरे आलेत, पथकं दिवसभर बसून असतात, शिड्या गेल्या. तरी पाऊण तासाने भाऊ झेरॉक्सच्या दुकानातून घाईघाईने आला. दुसऱ्याच कुणाकडून तरी सोडवून आणलं होतं. "अण्णा, हे घ्या, उतरवून काढा पटकन. तुमचं अक्षर तिला वळखू येतं. आत द्यायची सोय झालीय."

म्हणजे ही आता घराण्याची रीतच झाली होती! अण्णांच्या खिशाला पेन होता. आणलाच होता त्यांनी. त्यांनी तो कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचल्यासारखी केली, कागदाची घडी घातली आणि सीटवर स्वतःच्या बुडाखाली ठेवून वर बसले.

"अण्णा, येळ जातोय!"

"जाऊ दे."

"तू काय सांगितलंस त्यांला?" भाऊ माझ्यावर धावून आला. "पोरगी नापास झाली तर?"

"तर परत बसंल," मी म्हणाले. "तिचं ती बसंल."

तो बरंच काही बोलला. मीही बोलले. गेटावरचा पोलीस आमच्याकडे बघायला लागला तेव्हा तो पाय आपटत निघून गेला. अण्णा जागचे हलले नाहीत. उन्हात केबिन तापली होती आणि ते तसेच त्या कागदावर बसून होते, दीड तास.

घंटा झाली. पोरं बाहेर येऊ लागली. भाची नळावर थांबून पाणी पिताना लांबून दिसली. अण्णांनी तिला हाक मारली नाही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं बरोबर हुतं."

"व्हय."

"तुला ठावं हुतं बरोबर हाय."

"पडताळा घेतला हुता."

ते म्हणाले, "मंग तू खोडलं कशाला गं, बाय?"

या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं तयार ठेवलं होतं. रागाने द्यायचं ठरवलं होतं आणि रागानेच दिलं.

"तुमचं अक्षर हुतं म्हणून."